मोका पॉटची कॉफी कडूजहर होतेय, काय चुकतंय? (३ कपवाला, साधा गॅस)

वाफाळता
नमस्कार मंडळी. बहिणीनं वाढदिवसाला मोका पॉट (गॅसवर ठेवून कॉफी करायचं भांडं) दिलाय, ॲल्युमिनियमचा, तो आठ कोनांचा असतो तसा, ३ कपवाला. आत्तापर्यंत घरी कॉफी म्हणजे इन्स्टंट पूड आणि साखर कपात घोटायची आणि वरून उकळतं दूध, एवढंच येत होतं मला. आता दहा दिवस रोज सकाळी प्रयोग चाललेत आणि रोज तोंड वाकडं होतंय.

करतो काय ते सांगतो. खालच्या भांड्यात माठातलं गार पाणी काठोकाठ, मधल्या गाळणीत फिल्टर कॉफीची पूड (पेठेतल्या दुकानातून आणलेली, तिथला वास इतका भारी होता की पाव किलो घेऊन टाकली) चमच्यानं दाबून दाबून गच्च, वरचं भांडं फिरवून घट्ट, आणि मोठ्या बर्नरवर फुल गॅस. सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाही, मग मधल्या आट्यांमधून वाफ आणि थोडं पाणी फसफसत बाहेर, मग वर चार थेंब एकदम काळे दाट, आणि मग अचानक फुर्रर्र करून ओटाभर शिंतोडे. जे काही कपात पडतं ते करपलेलं लागतं, साखर घालूनही. खाली निम्मं पाणी तसंच राहतं. आईनं परवा एक घोट घेतला आणि विचारलं, ताप कुणाला आलाय, काढा कशाला केलास.

पॉट खराब आहे का माझं चुकतंय? परत करायचा म्हटलं तर बहीण रागावेल. आणि हो, पॉट बर्नरच्या जाळीवर नीट बसत पण नाही, लहान आहे ना, एका बाजूला कलतो.

पावशेर
पहिला प्रश्न, ३ कप म्हणजे नक्की कुणाचे कप? आमच्याकडच्या एका मगात हे तिन्ही कप जातात आणि मग तरी अर्धा रिकामाच. मी पण फसलोय, चार पाहुणे बोलावून ३ कपवाला लावला होता. तीर्थासारखी पळी पळी वाटली.

मंदआच
पॉट अजिबात खराब नाहीये, परत करू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यात जवळजवळ प्रत्येक पायरी उलटी आहे हे प्रेमानं सांगतेय :) पण आधी एक सांगा, त्या पुडीच्या पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती टक्के लिहिलीय? लिहावीच लागते, कुठेतरी बारीक अक्षरात असेल.

वाफाळता
पाकीट बघितलं. कॉफी ७०, चिकोरी ३०. हे वाईट आहे का? दुकानदार म्हणाला हेच सगळ्यात जास्त खपतं.

मंदआच
वाईट नाही, पण ती वेगळ्या भांड्याची पूड आहे. दक्षिणी फिल्टरमध्ये, म्हणजे ते पितळी किंवा स्टीलचं दोन मजली भांडं, त्यात गरम पाणी वरून आपल्या वजनानं थेंब थेंब खाली उतरतं, कुणी ढकलत नाही, अर्धा तास लागला तरी चालतो. तिथे चिकोरी छान काम करते, डिकॉक्शन (खाली उतरलेला कॉफीचा अर्क) दाट होतं, दुधात टिकतं. फर्ग्युसन रोडवर बसून आपण जी पितो ती या घराण्यातली.

मोका पॉटमध्ये प्रकार उलटा. पाणी खालून वर ढकललं जातं. खाली बंद भांड्यात हवा आणि वाफ तापून फुगते, तिला बाहेर जायला जागा नसते, मग ती पाण्याला दाबते आणि पाणी त्या नळीतून वर चढून कॉफीच्या थरातून जातं. आता हा थर जर पाणी जाऊच देत नसेल तर? चिकोरी भिजली की फुगते आणि चिकट होते, त्यात तुम्ही चमच्यानं दाबून विटेसारखी केलीत, आणि खाली फुल गॅस. पाण्याला वर वाट नाही म्हणून ते आट्यांमधून बाहेर आलं. तुमचं ते फसफसणं म्हणजे हेच. आणि तेवढ्या वेळात वरची पूड खालून तापून भाजली जातेय, भाजलेली कॉफी परत भाजायची म्हणजे करपणारच ना.

तर,
बिनचिकोरीची कॉफी आणा. दाणे घेऊन तिथेच दळून मागा, सांगायचं मोका पॉटसाठी, त्यांना कळलं नाही तर सांगा साधारण बारीक मिठासारखी. चिमटीत घेतली तर कण बोटाला लागले पाहिजेत, पिठीसाखरेसारखी नको.
गाळणीत सैल भरा, बोटानं वरून सपाट करा, बस. दाबायचं नाही. दाबतात ते एस्प्रेसोच्या मशीनमध्ये, तिथे ९ बारच्या आसपास दाब असतो, आपल्या या बिचाऱ्यात जेमतेम एक-दोन.
काठावर सांडलेली पूड पुसून घ्या, नाहीतर वायसर (दोन भांड्यांमधला रबर) नीट बसत नाही आणि परत गळणार.
पाणी त्या बाजूच्या छोट्या पितळी बटणाच्या खालपर्यंतच. ते बटण म्हणजे सेफ्टी व्हॉल्व, कुकरला असतो तसा. तुम्ही काठोकाठ भरून तो बुडवत होतात. असं कधीच करू नका, सिरीयसली.

वाफाळता
अरे बापरे. मला ते बटण कंपनीचा शिक्का वाटला होता.

शनिवारपेठी
वरील प्रतिसाद बरोबरच आहे पण एक मूलभूत मुद्दा सुटलाय असं नम्रपणे नमूद करतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी १०० ला नाही तर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. इटलीतल्या कृती इथे जशाच्या तशा लागू करणं हेच चूक. शिवाय हे यंत्र १९३३ साली इटलीत अल्फोन्सो बियालेत्ती यांनी आणलं आणि 'मोका' हे नाव येमेनमधल्या मोखा बंदरावरून आलंय, कॉफीत चॉकलेट घालतात तो मोका वेगळा, लोक गल्लत करतात. त्याच मोखाहून सूफी संत बाबा बुदान यांनी सात बिया लपवून चिकमगळूरला आणल्या असं सांगतात, म्हणजे आपला संबंध जुनाच आहे.

मंदआच
बंद भांड्यात दाब आहे ना पण, मग बाहेरच्या ९८ चा काय संबंध? कुकरमध्ये भात पुण्यात आणि मुंबईत सारखाच शिजतो. बाकी मोखाचं पटलं.

शनिवारपेठी
सारखाच शिजत नाही, पण ते असो.

तोरिनोरिटर्न
मी ऑफिसच्या कामासाठी दीड वर्ष इटलीत तोरिनोला होतो, घरमालकीण आजी रोज सकाळी हेच करायच्या. काही गोष्टी त्यांच्याकडून शिकलेल्या लिहितो.

गॅस बारीक. म्हणजे खरंच बारीक, आपण तूप कढवताना करतो ना तेवढा, ज्योत पॉटच्या बुडाच्या बाहेर येता कामा नये. ज्योत बाहेर आली की प्लास्टिकची मूठ पण वितळते (माझी वितळलीय). झाकण उघडं ठेवून समोर उभं राहायचं, मोबाइल बाजूला. मधल्या दांडीतून कॉफी मधासारखी शांत वाहायला लागते, आधी गडद, मग हळूहळू रंग फिका पिवळट होत जातो. तो पिवळट झाला आणि फुरफुर सुरू होणार असं वाटलं की लगेच उतरवायचं. फुरफुर म्हणजे खालचं पाणी नळीच्या टोकाखाली गेलं आणि आता नुसती वाफ वर येतेय. ती गरम वाफ चोथ्यातून सगळा कडूपणा ओढून आणते. तुम्ही ज्याला कॉफी झाली समजत होतात तिथे ती बिघडायला सुरुवात होते. उतरवलं की बूड नळाखाली गार पाण्यात धरायचं दोन-तीन सेकंद, लगेच थांबते. आजी ओला फडका वापरायच्या.

थोडं पाणी खाली उरतंच, नळी बुडापर्यंत जात नाही म्हणून. ते उरलं म्हणून परत गॅसवर ठेवू नका, मी केलंय ते.

एक मतभेदाचा मुद्दा, आजी नेहमी गार पाणी घालायच्या. हल्ली सगळे सांगतात आधी उकळलेलं घाला. मी दोन्ही करून बघितलं, गरम पाण्यानं कडवटपणा कमी होतो, कारण पूड गॅसवर कमी वेळ तापते.

कपबशी
गरम पाण्याला माझा विरोध आहे, आणि तो चवीसाठी नाही. गरम पाणी घातलं की खालचं भांडं हातात धरवत नाही, मग फडका गुंडाळून वरचं फिरवायचं, ते नीट आवळलं जात नाही, आणि मग परत आट्यांमधून फस्स. नवीन माणसानं आधी गार पाण्यानं हात बसवावा. आच बारीक असेल तर गार पाण्याची पण चांगली होते.

तोरिनोरिटर्न
हे बरोबर. मी ओव्हनचा हातमोजा वापरतो. मध्यममार्ग म्हणजे कोमट, गिझरच्या नळाचं नाही हं, पिण्याचं गरम केलेलं.

कपबशी
गिझरचं कोण घालतं??

तोरिनोरिटर्न
माझा रूममेट.

जायफळवाली_मावशी
मुलांनो, तुमचं वाचून मजा वाटतेय. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, वरून जायफळ किसलेलं आणि वेलदोड्याची एक बी, रात्री जागायचं असेल तर नाही तर झोप यायची असेल तर, दोन्हीला तीच. मागच्या वर्षी सुनेनं हे यंत्र आणलं, तेव्हापासून मी पण शिकलेय.

दोन गोष्टी कुणी लिहिल्या नाहीत म्हणून लिहिते. वाफाळता, तुझा पॉट कलतो ना, त्यासाठी बर्नरवर ठेवायची छोटी गोल किंवा चौकोनी जाळी मिळते, बोहरी आळीत गॅसच्या सुट्या भागांच्या दुकानात माग, लहान भांडं ठेवायची जाळी म्हण, देतील. तुळशीबागेत पण दिसते कधी कधी. कललेल्या पॉटमध्ये पाणी एका बाजूला जातं आणि कॉफी अर्धवट भिजते, शिवाय उलटला तर भाजशील. आणि शेगडीवरच्या सगळ्यात लहान बर्नरवर ठेव, मोठ्यावर नाही.

दुसरं, तारेच्या घासणीनं घासू नको. आमच्याकडे कामाला येतात त्यांनी पहिल्याच दिवशी तारेनं आणि राखाडी पावडरीनं लखलखीत करून ठेवला, आतून सुद्धा, बिचारीनं कौतुकानं केलं, पण पुढचे आठ दिवस कॉफीला पत्र्याची चव. ॲल्युमिनियमला आतून एक पातळ थर बसतो तो राहू द्यायचा. नुसतं गरम पाणी, बोट फिरवायचं, पुसायचं, आणि तिन्ही भाग सुटे ठेवून वाळवायचे. ओला बंद करून ठेवलास तर आत पांढरी बुरशीसारखी पूड येते. नवा असतो तेव्हा पहिल्या दोन-तीन वेळची कॉफी झाडाला घालायची, प्यायची नाही. तू पहिल्या दिवसापासून पीत होतास वाटतं.

वाफाळता
हो मावशी :( मी पहिलीच आईला दिली.

वाघोलीतून
आमच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी, पिण्याला आरओ. एकदा आळस करून नळाचं घातलं तर चव मचूळ आणि खालच्या भांड्यात पांढरे थर, तो सेफ्टी व्हॉल्व पण कडक झाला होता, बोटानं दाबून आतबाहेर हलतच नव्हता. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, कॉफी न घालता एकदा चालवलं, मग दोनदा नुसतं पाणी, तेव्हा सुटला. तुमच्याकडे महापालिकेचं धरणाचं पाणी असेल तर हा त्रास बहुतेक नाही, पण उपनगरवाल्यांनी महिन्यातून एकदा ते बटण हलतंय का बघाच.

दूधसाखर
एक भोळा प्रश्न. खालच्या भांड्यात पाण्याऐवजी दूधच घातलं तर? म्हणजे वर थेट दुधाची कॉफी तयार. दोन भांडी घासायचा त्रास वाचेल.

मंदआच
नाही नाही नाही.

पावशेर
दूध घालायच्या आधी ओट्याशेजारची खिडकी उघडी ठेवा, निदान झाकण तरी बाहेर जाईल.

मंदआच
थट्टा सोडा, पण खरंच करू नका. दुधाची साय आणि करपलेले कण नळीत, गाळणीत आणि व्हॉल्वमध्ये अडकतात, व्हॉल्व बंद झाला तर दाबाला बाहेर पडायची वाट राहत नाही. चहा पावडर, मसाला, वेलदोडा हे पण गाळणीत नको. खाली फक्त पाणी, मध्ये फक्त कॉफी. दूध वेगळ्या पातेल्यात तापवा आणि कपात एकत्र करा. ३ कपवाल्यातून सव्वाशे मिलीच्या आसपास कॉफी निघते, त्यात तेवढंच किंवा थोडं जास्त दूध, दोन माणसांची झाली.

मिक्सरवीर
दळण्याबद्दल माझा अनुभव. ग्राइंडर महाग म्हणून घरच्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात दाणे फिरवले. अर्धे मैदा, अर्धे दाण्याचं कूट. मैदा गाळणीतून कपात येतो आणि तळाशी गाळ, कूट आंबट राहतं. मग सरळ मैद्याच्या चाळणीनं चाळून बारीक बाजूला काढलं, ते आधी फेकत होतो, आता बायको फिल्टरमध्ये घालते. चव सुधारली. मिक्सर थांबवत थांबवत दोन-दोन सेकंद फिरवायचा आणि मध्ये भांडं हलवायचं, सलग फिरवलं की दाणे गरम होतात. शेवटी हातानं फिरवायचा, आत दातेरी चकत्या (बर) असलेला ग्राइंडर घेतला आणि हा सगळा तमाशा बंद झाला. सकाळी सकाळी दळताना ज्ञानोबांच्या काळातल्या जात्यावर बसल्यासारखं वाटतं, ओवीच काय ती सुचत नाही.

कपबशी
दाणे कुठले घेता? मी चिकमगळूरची अरेबिका (कॉफीची एक जात, दुसरी रोबस्टा) घेते, मिडियम भाजलेली. एकदम काळी तेलकट भाजलेली आणली की मोका पॉटमध्ये हमखास कडू होते.

मिक्सरवीर
दुधाबरोबर प्यायची असेल तर थोडी रोबस्टा मिसळलेली बरी, दुधात अरेबिका हरवते. कुर्गची रोबस्टा मस्त असते. पाकिटावर भाजल्याची तारीख बघा, पॅकिंगची नाही. महिन्याभरात संपेल एवढीच आणा, पाव किलो एकदम नको.

इंडक्शनवाला
जाता जाता, इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा चालत नाही हे कुणी सांगितलं नाही. मी अर्धा तास शेगडी खराब समजून बसलो होतो. स्टीलचा घ्यावा लागतो, किंवा मध्ये लोखंडी तवी ठेवावी लागते.

वाफाळता
आठ दिवसांनी रिपोर्ट देतोय.

बोहरी आळीतून जाळी आणली, दुकानदारानं विचारलं 'कॉफीवाला पॉट का?', म्हणजे मी पहिला नाही. जुनी ७०-३० पूड खालच्या मजल्यावरच्या अय्यर काकूंना दिली, त्या खूश. अरेबिका १०० ग्रॅम दळून आणली. आईच्या सोन्याच्या छोट्या वजनकाट्यावर मोजून १५ ग्रॅम, पाणी बटणाच्या खाली, छोटा बर्नर, एकदम बारीक.

पहिल्या दिवशी आंबट झाली! कडू नाही, आंबट, चिंचेच्या कोळासारखी. घाबरून फार लवकर उतरवली होती, जेमतेम अर्धी वर आली होती. दुसऱ्या दिवशी जास्त वेळ ठेवली तरी जरा पाणचट आणि आंबटच, म्हणजे दळण जाड होतं बहुतेक. दुकानात जाऊन थोडी बारीक दळून आणली (त्या माणसानं माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू), आणि तिसऱ्या दिवशी ते झालं. मधासारखी वाहिली, आवाज नाही, शिंतोडे नाहीत, आणि चव... मी बिनसाखरेची प्यायलो, आयुष्यात पहिल्यांदा. पाणी मी कोमट घातलं, दोघांचं ऐकलं.

पण कालपासून परत आट्यांमधून थोडी वाफ येतेय. काठ पुसलाय, घट्ट पण केलंय. आता काय?

तोरिनोरिटर्न
दहा दिवस गच्च भरून फुल गॅसवर चालवलात ना, वायसर भाजून कडक झाला असेल. वरच्या भांड्याच्या बुडाला गोल पांढरा रबर आहे, त्याच्या आत चाळणी. चमच्याच्या दांड्यानं हलकेच उचकटा, बोटानं दाबून बघा, दबला नाही किंवा चिरा दिसल्या तर बदला. वेगळा मिळतो, तुमच्या कंपनीचा आणि ३ कपला चालणाराच घ्या, दुसऱ्या मापाचा बसत नाही. तोपर्यंत आवळताना मूठ धरून पिळू नका, मूठ तुटते, पॉटच्या अंगाला धरून फिरवा.

वाफाळता
काढला. बिस्किटासारखा तुटला हातात. त्याखाली दहा दिवसांचा काळा गाळ होता, तो पण धुतला. नवा मागवतो.

जायफळवाली_मावशी
आणि आईला दिलीस का नंतर?

वाफाळता
दिली मावशी. तिसऱ्या दिवशीची, निम्मं दूध घालून. काही बोलली नाही. उठून डब्यातून जायफळ आणलं, किसणीवर दोनदा ओढलं आणि कप घेऊन बाल्कनीत गेली. आज सकाळी मी उठायच्या आधी पॉट गॅसवर होता, फुल गॅसवर.